रंगवलेले दगड

खानजादच्या स्मरणशक्तीची गावाला धास्ती होती. कुणाच्या लग्नात भाताला खालून लागलं होतं, कोणत्या साली बर्फ खिडकीच्या गजांपर्यंत चढलं होतं, कोणत्या नवऱ्या मुलानं घोड्यावरून उतरताना जोडा हरवला होता, सगळं तिला दिवसासकट सांगता यायचं. वाद पेटला की लोक म्हणायचे, "खानजादला बोलवा. तिच्या डोक्यात काही मरत नाही."

पण एक वाक्य तिला आठवत नव्हतं. ते आपण बोललो होतो की नव्हतो, हे ती चौदा वर्षं शोधत होती.

आता तिची आई जायला निघाली होती. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांनी अधू झालेली, पण जीभ अजून शाबूत. खालच्या आळीतल्या घरात भिंतीलगत गादी घातली होती आणि तीन दिवस माणसांची रीघ लागली होती. जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्यांची मान मोकळी करायची आणि मगच डोळे मिटायचे, ही तिथली रीत. मान अडकलेली राहिली तर माणूस वरही तसाच जातो, दावं बांधल्यासारखा.

शेजारची पिरोज गादीशी वाकली. "काकी, तुझ्या द्राक्षवेलीची पानं मी तीस वर्षं चोरून तोडली. मान मोकळी कर."

"ठाऊक होतं गं मला," म्हातारी म्हणाली. "माझ्याच पानांत भात गुंडाळून मलाच वाढायचीस. आणि मीठ कमी. जा, मोकळी केली."

सगळे हसले, मग डोळे पुसले. सुनेची झाली, नातवंडांची झाली, दूधवाल्याची झाली. अंगणात, उघड्या खिडकीखाली, खानजादचा नवरा तोफिक बसून होता. त्याच्या शेजारी पिंजरा होता. पिंजऱ्यात चकोर. चांदणं पिणारा नव्हे. त्या डोंगरांतला चकोर दाणे टिपतो, भांडतो, आणि पहाटेपासून ओरडून स्वतःच्याच जातभाईंना बंदुकीसमोर बोलावतो. हा म्हातारा होता, एका डोळ्यानं आंधळा. तीन दिवस तोफिकला कुणी ना कुणी चहा आणून देत होतं. आत मात्र कुणी बोलावत नव्हतं. त्याची सावली या उंबऱ्यावर पडू द्यायची नाही, असं म्हातारीनं चौदा वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं.

लग्न झालं तेव्हा तोफिक डोंगराचा होता आणि खानजाद नदीची. तिच्या बापाला बरीच वर्षं मुलगा नव्हता, म्हणून त्यानं लेकीलाच गळ बांधायला शिकवलं. कोणत्या डोहात मासा सकाळी असतो, कोणत्यात ऊन कलल्यावर, हे तिला स्वैपाकाआधी कळायला लागलं. तोफिकला मासा खाऊनच माहीत. त्याचा जीव पक्ष्यांत. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा एका पहाटे त्यानं तिच्या पाठीवर पिंजरा चढवला आणि म्हणाला, "चल."

सासू दारात आडवी आली. "बायको डोंगरात नेतोस? मग चूल कोण पेटवणार, चकोर?"

"तू पेटव आज. आम्ही भाजायला आणतो."

चहाच्या दुकानात पुरुषांना तेवढंच पाहिजे होतं. एकानं विचारलं, "काय तोफिक, बायको केलीस की शिकारी कुत्री पाळलीस?"

"कुत्रीला नेम धरता येत नाही," तोफिक म्हणाला. "हिला येतो. तुझ्या मिशीवर धरून दाखवायला सांगू का?"

खरं तर तिला तेव्हा नेम येत नव्हता. ती भलताच डोळा मिटायची. त्यानं आपल्या कमरेच्या शेल्याचं टोक तिच्या डाव्या डोळ्यावर बांधलं आणि दगडांच्या आडोशामागे तिच्या कानाशी बसून राहिला. पहिला पक्षी पडला तेव्हा तिला आनंद झाला की रडू आलं, हे तिलाच कळलं नाही. त्यानं तो पक्षी तिच्या ओंजळीत ठेवला, अजून ऊबदार.

मग तिनं त्याला नदीवर नेलं. तिथं त्याची फजिती. त्याला गप्प बसता यायचं नाही.

"तुझ्या नदीतले मासे बहिरे आहेत का गं?"

"मासे नाहीत. पण मी आता होणार. तोंड मिट."

"किती वेळ?"

"गळ हलेपर्यंत."

"आणि नाहीच हलला तर?"

"तर घरी जाऊनही मिटूनच ठेव."

त्याचा पहिला मासा लागला तेव्हा तो असा ओरडला की भाकरीचं गाठोडं पाण्यात पडलं. भिजलेली भाकरी आणि तो वीतभर मासा त्यांनी दगडावर बसून खाल्ला. पुढं दोन लेकी झाल्या, मोठ्या झाल्या, पण आठवड्यातला एक दिवस डोंगराचा आणि एक नदीचा, हे सुटलं नाही. गावातल्या बायका तोंडावर हसायच्या आणि पाठीमागे आपापल्या नवऱ्यांशी भांडायच्या, तुम्ही आम्हाला कधी कुठं नेलंत म्हणून.

मग लढाई आली. फौजेनं सरहद्दीवरची गावं पाडली आणि माणसांना खाली मैदानात सिमेंटच्या एकसारख्या खोल्यांत कोंबलं. तिथं ना डोंगर ना नदी. तोफिक पहाटे उठून पिंजरा घेऊन सडकेच्या कडेला बसायचा. चकोर ओरडायचा, आणि उत्तर द्यायला कुणी नसायचं. अशी वर्षं गेली. परत आले तेव्हा घराच्या जागी दगडांचा ढीग होता, आणि त्यांच्या आवडत्या उतारावर सुरुंग पेरलेले होते.

घर बांधून झालं, आणि त्या वसंतात तोफिकनं एक लोखंडी सळई घेतली. रोज हात-दोन हात, जमीन टोचत, त्यानं त्या उतारावर वाट शोधली. खालचा पट्टा त्याला सगळा मोकळा सापडला. मध्ये एक वाकडा ओक होता. त्याच्या वर पेरलेलं होतं, आणि त्यातून वळणं घेत एक अरुंद वाट जुन्या आडोशापर्यंत जात होती. ती वाट फक्त त्याच्या डोक्यात होती. वाट सापडल्यावर तो खानजादला घेऊन गेला.

"पाऊल माझ्या पावलात टाकायचं. इकडं तिकडं बघायचं नाही. मला बिनबायकोचा करशील."

"आणि तू चुकलास तर?"

"मग तू आपसूकच मागून येशील. सवय आहे तुला."

ती त्याच्या टाचांकडे बघत चालायची. रबरी बुटांच्या टाचा, डावी जरा जास्त झिजलेली. वर पोहोचल्यावर पिंजरा दगडावर ठेवायचा, कापड काढायचं, आणि दोघांनी खांद्याला खांदा लावून आडोशामागे बसायचं. बरोबर चहा, अक्रोड, कालची भाकरी. चकोरानं साद घातली की समोरच्या कड्यावरून उत्तर यायचं. कधी कधी ते बंदूक उचलायचेच नाहीत.

हे सुख लोकांच्या डोळ्यांवर आलं. शहरातून जीप घेऊन शिकारी यायला लागले, गावातलेही खालच्या पट्ट्यात घुसायला लागले. त्याच सुमारास सुरुंग काढणारी माणसं येऊन गेली होती. सगळं काढायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी ओकाच्या वरचे दगड तांबडे रंगवले आणि निघून गेले. तांबडा दगड म्हणजे पुढं मरण, हे गावातल्या रांगणाऱ्या पोरालाही कळायचं.

एके दिवशी तोफिक बाजारातून तांबड्या रंगाचा डबा घेऊन आला.

"हे कशाला?"

"ढवळ," तो म्हणाला आणि तिच्या हातात काडी दिली.

तिनं ढवळला. दोघांनी एका सकाळी खालच्या मोकळ्या पट्ट्यातले, ओकापर्यंतचे, चाळीसेक दगड रंगवले. तिच्या मनात एकदा पाल चुकचुकली. "पाप नाही ना लागणार?"

"पेरलेल्या जमिनीला मोकळी म्हटलं तर पाप. आपण मोकळीला पेरलेली म्हणतोय. कुणाचा पाय वाचेलच, जाणार तर नाही?"

तिला ते पटलं. तिच्या नाकावर रंग लागला होता, तो त्यानं पुसायच्या निमित्तानं गालभर फासला. ती इतकी हसली की कड्यावरून एक पक्षी उडाला. त्यानंतर तो डोंगर त्या दोघांचा झाला. अकरा वर्षं. देवानं त्यांच्या आयुष्यात एवढीच सलग वर्षं दिली.

रऊफ तिचा भाऊ, तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा, नवसाचा. त्यालाही चकोराचं वेड. त्याच्याकडचा पक्षी असा बोलका की तोफिकलाही हेवा वाटायचा. एका गुरुवारी तो तिच्याबरोबर नदीवर आला. तोफिक त्या दिवशी छपरावर माती चोपत होता. हवा कशी होती, आमिषाला काय लावलं होतं, रऊफच्या सदऱ्याचं कोणतं बटण तुटलं होतं, हे सगळं खानजादला आजही दिसतं.

"ताई, एक सांग," रऊफ म्हणाला. "दाजींच्या बंदुकीचा आवाज दर आठवड्याला तांबड्या दगडांच्या आतून येतो. सुरुंगांशी त्यांची सोयरीक आहे का?"

"मासे पळतील. गप्प बस."

"तुला तरी ठाऊक आहे का? का तू आपली पिंजरा वाहणारी? शेळी जाते तशी मागून मागून. वाट त्यांची, बंदूक त्यांची. तुला वाटतं तू भागीदार आहेस!"

तो हसत होता. थट्टाच होती ती. पण तिला झोंबली. तेहतीस वर्षांचा संसार, एवढी टोमण्यांची झळ, ती सगळी कशासाठी? त्याचं आणि माझं वेगळं काही नाही, हेच तर ती जन्मभर मिरवत आली होती.

"मी भागीदार नाही?" ती म्हणाली. "ते दगड मी रंगवलेत, माझ्या हातांनी. ते खोटे आहेत."

रऊफनं गळ खाली ठेवला. मग तो डोंगराकडे बघून मोठ्यांदा हसला. "अगं बाई! अकरा वर्षं आख्ख्या गावाला!"

आणि इथंच तिची आठवण थांबते. यापुढं आपण म्हणालो का, 'ओकापर्यंतचेच, वरचे खरे आहेत'? कधी तिला ते शब्द स्वतःच्या आवाजात स्पष्ट ऐकू येतात. कधी वाटतं, त्याच वेळी गळ हलला होता, दोघंही पाण्याकडे वळले होते, आणि ते शब्द तिच्या मनातच राहून गेले. मासा केवढा होता हे तिला आठवतं. दीड वीत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ती तंदुरावर भाकरी लावत होती. आवाज आला आणि कपाटातले चहाचे पेले किणकिणले. असे आवाज अधूनमधून यायचे, बहुतेक वेळा कुणाची तरी बकरी असायची. तोफिक ओसरीवर पिंजऱ्याची काडी बसवत होता. त्यानं डोंगराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या हातातली भाकरी निखाऱ्यांत पडली होती. तो काही विचारायला थांबला नाही.

ती त्याच्या मागून वर गेली, पाऊल त्याच्या पावलात टाकत. ओकाच्या वर वीस पावलांवर रऊफ पडला होता. त्याचा पिंजरा ओकाच्या फांदीला टांगलेला होता, काही न झालेला, आणि आतला पक्षी ओरडत होता. समोरच्या कड्यावरून त्याला उत्तर येत होतं. तोफिकनं रऊफला पाठीवर घेतलं. तिनं पिंजरा घेतला. उतरताना तिला एकच गोष्ट दिसत राहिली. टाचा. तेव्हा तिला कळलं की इतकी वर्षं या वाटेनं येऊन तिला ही वाट ठाऊकच नव्हती. टाचांपलीकडं तिनं काही पाहिलंच नव्हतं. आणि ती भावापुढं मिरवली होती.

अंगणात आईनं रऊफचं डोकं मांडीवर घेतलं. रऊफ तिथवर गेलाच कसा, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ओकापर्यंतचे दगड आपण दोघांनीच रंगवल्याचं तोफिकनं सांगून टाकलं. मग आई मान वर करून म्हणाली, "माझा रऊफ तांबड्या दगडापलीकडं पाय टाकणारा नव्हता. ते दगड खोटे आहेत, हे त्याला कुणी सांगितलं? दगड खोटे आहेत हे तुम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

खानजादनं तोंड उघडलं.

"मी सांगितलं," तोफिक म्हणाला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला कळलं होतं, का तिच्या चेहऱ्यावरून त्यानं ओळखलं, का उगीच अंगावर ओढून घेतलं, हे तिनं कधी विचारलं नाही. उघडलेलं तोंड तिनं मिटलं. त्या वेळी तिला वाटलं होतं, दुःख जरा निवलं की सांगू. चाळीसाव्या दिवशी सांगू. वर्ष भरल्यावर सांगू.

तोफिकनं रॉकेल आणि चिंध्या नेऊन ते चाळीस दगड एकेक करून पुसले. मग बंदूक खुंटीला लावली, ती लावलीच. खानजादनं गळ माळ्यावर टाकले. डोंगराचा दिवस आला की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, नदीचा दिवस आला की ती धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. दोघं एका ताटात जेवायची आणि मिठाशिवाय काही मागायची नाहीत. पूर्वी नदीवर ज्याला गप्प बसता यायचं नाही, तो आता सबंध दिवस गप्प असायचा. रऊफचा पक्षी म्हातारीनं स्वतःजवळ ठेवून घेतला. लेकाचा आवाज गेला, निदान त्याच्या पाखराचा राहू दे, म्हणाली. गल्लीतून तोफिक गेला की ती खिडकीतून ऐकू जाईल असं म्हणायची, "देवा, याची मान माझ्या हातात राहू दे."

आणि आता, निरोपाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला उठले. खोलीत म्हातारी आणि खानजाद, दोघीच राहिल्या. म्हातारीनं चाचपडत लेकीचा हात धरला.

"खानजाद, तुला पाजलेलं दूध मी तुला माफ केलं. तुझी मान मोकळी. तू माझं कधी काही वाईट केलं नाहीस."

खिडकीबाहेर चकोर पिंजऱ्यात पंख फडफडवत होता.

"आई, त्याचीही कर."

"कुणाची?"

"तुला ठाऊक आहे कुणाची. तीन दिवस बाहेर बसलाय. सत्तरी ओलांडलीय त्यानं."

"माझा रऊफ बेचाळीसचा होता."

"आई, रऊफला त्यानं नाही सांगितलं."

म्हातारीचे न दिसणारे डोळे तिच्याकडे वळले. हाताची पकड घट्ट झाली. या वयातही त्या हातात केवढी ताकद होती! "मग कुणी सांगितलं?"

चौदा वर्षं खानजाद याच प्रश्नाची वाट बघत होती. उत्तर दोन अक्षरांचं होतं. पण आत्ताच माफ झालेलं दूध, हा धरलेला हात, 'तू कधी काही वाईट केलं नाहीस' हे शब्द, हे सगळं त्या दोन अक्षरांपलीकडं होतं. आणि ते एकदा काढून घेतलं तर पुन्हा द्यायला आईकडे आता वेळ नव्हता.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "त्याचं त्यालाच कळलं असेल. हुशार होता ना. आपणच गेला असेल."

म्हातारीची पकड सैल झाली.

"मेलेल्यावर ढकलतेस?" ती हळू म्हणाली. "नवरा सुटावा म्हणून भावावर? पाठच्या भावावर?"

तिनं हात काढून घेतला. भिंतीकडे कूस वळवली. खानजाद तिच्या खांद्याला हात लावून "आई, आई" करत राहिली, आणि मग खरंच सांगायला लागली, भडाभडा, नदी, गळ, तुटलेलं बटण, सगळं. "मी सांगितलं, आई. मीच." ती पाठ तशीच राहिली. म्हातारीनं ऐकलं का? श्वास तेव्हा चालू होता का? ते वाक्य पोहोचलं की नाही, हेही आता कधीच कळणार नव्हतं. सून ताटली घेऊन आत आली, वाकून बघितलं आणि ताटली खाली ठेवून ओरडली.

खानजाद अंगणात आली. तोफिक उभा राहिला होता. खिडकी त्याच्या डोक्यावर हातभर उंचीवर होती आणि तिची दोन्ही दारं उघडी होती.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"मोकळी केली म्हणाली."

त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही. टोपी काढली, पुन्हा घातली. "बरं झालं," म्हणाला.

दिवस मावळायच्या आत म्हातारीला रऊफशेजारी ठेवली. माती लोटताना तोफिक मागे, भिंतीपाशी उभा होता. कुणी त्याच्या हातात फावडं दिलं नाही, आणि त्यानं मागितलं नाही. परतताना भाच्यानं पिंजरा खानजादच्या हातात दिला. "आत्या, हा तुम्ही न्या. आम्हाला आता याचं ओरडणं नको."

दोघं घराकडे निघाली. गावातून वर जाणारी वाट आता डांबरी झाली होती, तिच्यावर रोज पोरं सायकली पिटाळत. तोफिक पुढं, खानजाद मागं, हातात पिंजरा. थोडं चालल्यावर तो थांबला. वळला नाही.

"तू पुढं हो," तो म्हणाला. "रस्ता साफ आहे."

ती उभी राहिली. त्याच्या बाजूनं जायला भरपूर जागा होती. पक्षी पिंजऱ्यात एकदा बोलला आणि कड्यावरून उत्तर येण्याची वाट बघत मान वाकडी करून राहिला.

तो थोडा वेळ थांबला. मग पुन्हा चालू लागला. तिनं खाली पाहिलं. डावी टाच जरा जास्त झिजलेली होती. डांबरावर पाऊल उमटत नाही, तरी तो पाय जिथं उचलत होता, नेमकं तिथंच ती आपला ठेवत होती.